मूल रोज घोरतंय, ऑपरेशन करू का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात याच पानावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की लहान मूल रोज रात्री घोरत असेल तर "कसं गाढ झोपलंय बघा" म्हणून कौतुक करत बसू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा. बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवलेत आणि अख्खं पान झोपेला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, गावं ठेवलीत. इथे बसून मी कोणाचं मूल तपासू शकत नाही हे तुम्हालाही माहितीये, त्यामुळे संशोधन काय म्हणतं आणि मला काय वाटतं ते सांगतो, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. रोज घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, रात्रभर गादीभर फिरतो, घामाने उशी ओली होते. सासूबाई म्हणतात त्याचे बाबा पण लहानपणी असेच घोरायचे, काही होत नाही. शाळेतून मॅडमची तक्रार की एका जागी बसत नाही, लक्ष नाही. ईएनटी डॉक्टर म्हणाले ॲडिनॉईड आणि टॉन्सिल दोन्ही मोठे आहेत, काढून टाकू, अभ्यासातही फरक पडेल. खरंच पडतो का? (एक आई, सांगली)

ताई, तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत. ऑपरेशन करावं का हा एक, आणि अभ्यास सुधारेल का हा दुसरा, आणि दोघांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

आधी आत काय होतं ते बघू. नाकाच्या मागे ॲडिनॉईड आणि घशाच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल, या गाठी साधारण तीन ते सात या वयात घशातल्या जागेच्या मानाने सगळ्यात मोठ्या असतात. मूल जागं असताना घशाचे स्नायू ताणलेले असतात म्हणून निभावून जातं, झोप लागली की स्नायू सैल पडतात आणि आधीच अरुंद असलेला रस्ता आणखी दबतो, कागदाच्या स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक जोरात ओढला की स्ट्रॉ चपटी होते ना, तसं. मग मूल जोर लावून श्वास ओढतं, कधी रस्ता पूर्ण बंद होतो, ऑक्सिजन खाली येतो किंवा कार्बन डायऑक्साईड वाढतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात, एक जोरात फुर्रर्र करून श्वास सुटतो आणि मूल कूस बदलतं. डोळे उघडत नाहीत त्यामुळे घरच्यांना वाटतं झोपलंय. झोपेचे तास भरतात पण झोप तुकड्यातुकड्यांची होते. मोठा माणूस अशा रात्रीनंतर दिवसा पेंगतो, लहान मूल बऱ्याचदा उलट करतं, चिडचिड, उड्या, एका जागी न बसणं. म्हणून मॅडमची तक्रार आणि रात्रीचं घोरणं यांचा संबंध असू शकतो, डॉक्टर उगाच म्हणाले नाहीत.

हा संबंध काही नवा पण नाही. 1889 साली विल्यम हिल नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून ठेवलंय की तोंडाने श्वास घेणारी, घोरणारी मुलं शाळेत "मठ्ठ" ठरवली जातात आणि कारण घशात असतं. मग पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. 1976 मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन गिलमिनो यांनी आठ मुलांचा रात्रभर अभ्यास करून दाखवलं की स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत असा परत परत श्वास अडणं, हा फक्त जाड, पन्नाशीच्या पुरुषांचा आजार नाही.

अभ्यासाच्या मार्कांची गोष्ट खरी सुरू झाली 1998 ला. डेव्हिड गोझाल यांनी अमेरिकेत पहिलीतली 297 मुलं घेतली, सगळी वर्गात शेवटच्या दहा टक्क्यांतली, आणि रात्री घरी त्यांचा ऑक्सिजन वगैरे मोजला. 54 मुलांचा श्वास झोपेत बिघडलेला निघाला. त्यातल्या 24 मुलांचं टॉन्सिल-ॲडिनॉईडचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या वर्षी त्यांचे ग्रेड वर गेले, बाकीच्या 30 जणांच्या आईवडिलांनी उपचार घेतले नाहीत आणि त्या मुलांचे ग्रेड होते तिथेच राहिले. पेपर छान आहे, पण त्यातली गोम बघा, ऑपरेशन करायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवलं होतं. जे पालक धावपळ करून ऑपरेशन करून घेतात ते घरी अभ्यासही जास्त घेत असतील की नाही? त्यामुळे फरक ऑपरेशनचा की घराचा हे सांगता येत नाही. पण लोकांच्या डोक्यात, आणि खरं सांगायचं तर आमच्या बऱ्याच डॉक्टरांच्या पण, तेव्हापासून पक्कं बसलं की टॉन्सिल काढले की मार्क वाढतात.

ही गोम काढायला कोणाचं ऑपरेशन करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारा अभ्यास लागतो. तो झाला, नाव चॅट ट्रायल, 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, कॅरोल मार्कस यांच्या टीमचा. 5 ते 9 वयाची 464 मुलं, सगळ्यांना स्लीप स्टडीवर, म्हणजे रात्रभर वायरी लावून केलेल्या झोपेच्या तपासणीत, ॲप्निया सिद्ध झालेला, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना थांबून लक्ष ठेवायचं, आणि सात महिन्यांनी परत सगळ्या टेस्ट. लक्ष आणि डोकं चालवण्याची जी मुख्य टेस्ट होती त्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही! पण वागणूक सुधारली, म्हणजे आईवडिलांनीही सांगितलं आणि शिक्षकांनीही, झोप सुधारली, मुलाचं एकूण बरं वाटणं सुधारलं. स्लीप स्टडी नॉर्मल झाली ऑपरेशनवाल्यांपैकी 79 टक्के मुलांची. आणि आता गंमत, ज्यांना काहीच केलं नाही त्यांच्यातल्या 46 टक्क्यांची पण नॉर्मल झाली. आपोआप. मूल वाढतं, जागा वाढते.

त्याहून सौम्य, म्हणजे घोरतात पण स्लीप स्टडी जवळपास नॉर्मल अशा 459 मुलांवर अजून एक अभ्यास 2023 मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, पॅट्स नावाचा. एक वर्षाने बघितलं तर तीच कथा, लक्ष वगैरेच्या टेस्टमध्ये फरक नाही, पण दिवसाची पेंग, वागणूक, ब्लड प्रेशर या गोष्टी ऑपरेशनवाल्यांच्या बऱ्या.

तर माझं म्हणणं असं की ऑपरेशन करायचं असेल तर मुलाच्या झोपेसाठी आणि श्वासासाठी करा, प्रगतीपुस्तकासाठी करू नका. वर्गातली चुळबुळ कमी होईल अशी शक्यता चांगली आहे, गणित सुधारेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि "नाही केलं तर मुलाची बुद्धी जाईल" असं कोणी घाबरवत असेल तर ते खरं नाही.

आता तुमच्या मुलाचं. ऑपरेशनचं ठरवण्याआधी एक काम करा. झोपल्यानंतर दोन-तीन तासांनी आणि मग पहाटेच्या सुमाराला, कारण पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते आणि तेव्हाच बिघाड जास्त दिसतो, पाच-पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. शर्ट वर करून, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा, आणि फोन जवळ ठेवा म्हणजे आवाज येईल. घोरण्याचा आवाज किती मोठा यावर जाऊ नका. बघायचं ते हे, की श्वास घेताना गळ्याच्या खालची खळगी आणि बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, पोट वर येतंय तेव्हा छाती आत जातेय का, मधेच आवाज बंद होऊन छाती हलत राहते आणि मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास येतो असं होतंय का, आणि मान मागे टाकून, हनुवटी वर करून झोपतोय का. घोरणं थांबलं की घरच्यांना हायसं वाटतं, नेमकं तेव्हाच तो श्वास घेत नसतो. हा व्हिडिओ ईएनटीला दाखवा, ओपीडीत जागं मूल तपासून जे कळत नाही ते यातून कळतं.

व्हिडिओत असली झटापट दिसली, वजन वाढत नसेल, स्लीप स्टडीत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा मोठा आला, तर थांबू नका, ऑपरेशन हाच पहिला उपाय आहे. चॅट ट्रायलमध्ये ऑक्सिजन खूप खाली जाणारी मुलं मुळात घेतलीच नव्हती हे लक्षात ठेवा, तो 46 टक्क्यांचा आकडा त्यांना लागू नाही. नुसतं घोरणं असेल, झटापट नसेल, वाढ चांगली असेल तर सहा महिने लक्ष ठेवून थांबणं यात काही चूक नाही आणि त्याला "दुर्लक्ष" म्हणत नाहीत, असं सासूबाईंनाही सांगा. बाबा पण घोरायचे हे मात्र सासूबाई बरोबर सांगतायत, हे घराण्यात असतं, पण घराण्यात आहे म्हणजे नॉर्मल आहे असं नाही.

आणि ऑपरेशन केलंच तर दोन गोष्टी. घसा दुखतो म्हणून मूल पाणी पीत नाही आणि त्यानेच जास्त त्रास होतो, पॅरासिटामॉल वेळेवर द्या आणि घोट घोट पाजत राहा, घशात पांढरा थर दिसेल, तोंडाला वास येईल, तो पू नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटते तेव्हा रक्त आलं तर, थोडं असलं तरी, तडक हॉस्पिटल. आणि कोडीन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) असलेलं औषध बारा वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने करतं आणि श्वास मंदावतो, अमेरिकेत या ऑपरेशननंतर मुलं दगावली म्हणून 2013 मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये बारा वर्षांखाली बंदच केलं. खोकल्याच्या काही सिरपमध्ये पण कोडीन असतं, बाटली वाचून घ्या.

ऑपरेशन टाळून नाकाच्या स्प्रेने ॲडिनॉईड बसतात असं ऐकलंय. आमच्या डॉक्टरांनी स्प्रे आणि सोबत मॉन्टेलुकास्टचं सिरप तीन महिन्यांसाठी दिलंय. मुलगी चार वर्षांची. चालेल ना? (बाबा, नागपूर)

स्प्रे चालेल, पण त्याच्याही आधी साधं मिठाचं पाणी, सलाईन, करून बघितलंत का? मेलबर्नमध्ये 3 ते 12 वयाच्या 276 घोरणाऱ्या मुलांवर एक फार उपयोगी अभ्यास झाला, 2023 मध्ये छापून आला. अर्ध्या मुलांना स्टिरॉईडचा स्प्रे, अर्ध्यांना नुसतं सलाईन, सहा आठवडे, आणि कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहिती नाही. सहा आठवड्यांनी स्टिरॉईडवाल्यांपैकी 44 टक्क्यांची लक्षणं गेली आणि सलाईनवाल्यांपैकी 41 टक्क्यांची. म्हणजे फरक नाहीच म्हणा. मेडिकलमध्ये सलाईनचा स्प्रे सहज मिळतो, स्वस्त आहे, मोठे साईड इफेक्ट नाहीत, तर सौम्य त्रास असेल तर सहा आठवडे रोज ते करायला काय हरकत आहे, असं मी तरी म्हणेन. आता त्यातलं किती सलाईनने बरं झालं आणि किती आपोआप, हे त्या अभ्यासातून कळत नाही, पण आईबापाला त्याचं काय, मूल शांत झोपलं म्हणजे झालं.

मॉन्टेलुकास्ट, म्हणजे दमा-ॲलर्जीचं औषध, त्याबद्दल मात्र सावध. आपल्याकडे हे सिरप सर्दीला सुद्धा सर्रास लिहिलं जातं, लिव्होसेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधाबरोबर एकत्र, आणि आया पण मागच्या वेळचं उरलेलं परत पाजतात. काही मुलांना त्याने वाईट स्वप्नं, रात्री घाबरून उठणं, चिडचिड, उदासपणा असा त्रास होतो, आणि मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. दम्याला गरज असेल तर वेगळी गोष्ट. पण झोप सुधारायला दिलेल्या औषधानेच झोप बिघडत असेल तर? मुलगी औषध सुरू झाल्यापासून रात्री किंचाळून उठायला लागली असेल, स्वभाव बदलल्यासारखा वाटत असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा, तीन महिने पुरे व्हायची वाट बघू नका.

आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल, किंवा मुलीच्या खोलीत डासांची कॉईल आणि धूप लागत असेल तर स्प्रेच्या आधी ते बंद करा. मच्छरदाणी लावा सरळ.

टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते ना? आमच्या वेळी तर सगळ्यांचे काढायचे. (आजी, डोंबिवली)

आजी, तुमच्या वेळी घसा दुखतो म्हणून काढायचे, आता बहुतेक वेळा श्वासासाठी काढतात, एवढा फरक पडलाय. टॉन्सिल काढल्यावर मूल सारखं आजारी पडतं असं रोजच्या अनुभवात दिसत नाही, हे काम करणाऱ्या गाठी शरीरात इतर ठिकाणी भरपूर आहेत. पण म्हणून विनाकारण काढायचे असंही नाही.

स्लीप स्टडी करायला सांगितलीय, मुलगा पाच वर्षांचा. रात्रभर हॉस्पिटलमध्ये राहायचं, खर्च पण बराच सांगतायत. मोबाईलच्या ॲपने किंवा स्मार्टवॉचने होणार नाही का? आणि रिपोर्टमध्ये एएचआय 4 आला तर तो नॉर्मल ना, गूगलवर 5 च्या खाली नॉर्मल दिलंय. (आई, पुणे)

उलटं सांगतो, आधी गूगल. 5 च्या खाली नॉर्मल हे मोठ्या माणसांचं. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा अर्धवट होतो तो आकडा, आणि मुलांमध्ये 1 च्या वर गेला की तो बिघाड धरतात. 1 ते 5 सौम्य, 5 ते 10 मध्यम, 10 च्या वर जास्त. मोजायची पद्धत पण वेगळी, मोठ्यांमध्ये श्वास निदान 10 सेकंद थांबला तर धरतात, मुलांचा श्वास मुळात भरभर चालतो म्हणून दोन श्वास चुकले एवढ्या वेळाला पण धरतात. म्हणून स्टडी जिथे कराल तिथे एकच विचारा, की रिपोर्ट मुलांच्या नियमांनी वाचणार का. मोठ्यांच्या नियमांनी वाचलेला मुलाचा रिपोर्ट खोटा धीर देतो. तर 4 म्हणजे नॉर्मल नाही, सौम्य, आणि सौम्य म्हणजे घाबरायचं कारण नाही, घाईने ऑपरेशनचं टेबल पण नाही.

स्टडीत टोचत काही नाही हे मुलाला आधीच सांगून ठेवा. डोक्याला चिकट पेस्ट लावून बारीक वायरी, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीवर आणि पोटावर एकेक पट्टा, नाकापाशी बारीक नळी आणि बोटाला लाल दिवा. आई शेजारी झोपते. मुलाची रोजची गोधडी, उशी, टेडी जे काय असेल ते घेऊन जा, दुपारी झोपवू नका, संध्याकाळी कोला-चॉकलेट देऊ नका, आणि केसांना तेल लावून नेऊ नका, पेस्ट धरत नाही. नळी नाकाशी नको म्हणून बरीच मुलं रडतात, ती शेवटी लावतात, झोपल्यावर. सकाळी पेस्ट निघेपर्यंत दोनदा शाम्पू.

ॲप आणि घड्याळ, नाही. ती मोठ्यांसाठी बनवलेली असतात, त्यांच्यावर निर्णय घेऊ नका. मधला मार्ग आहे तो रात्रभराच्या ऑक्सिमेट्रीचा, म्हणजे बोटाला लावलेलं मशीन रात्रभर ऑक्सिजन नोंदवत राहतं. कोविडमध्ये घेतलेलं घरातलं छोटं यंत्र नाही, त्यात नोंद राहत नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी यावर बरंच काम केलंय आणि त्यांच्या नावाने मार्क द्यायची पद्धत पण आहे. त्यांनी दाखवलेली गोष्ट अशी, की त्यात ऑक्सिजन झुंडीने, म्हणजे थोड्या वेळात परत परत, खाली येताना दिसला तर ॲप्निया आहे हे जवळजवळ नक्की, ऑपरेशन कोणाचं आधी हे ठरवायला तेवढं पुरतं. पण ती नॉर्मल आली तर ॲप्निया नाही असं मात्र म्हणता येत नाही. मूल दर वेळी ऑक्सिजन पडायच्या आधीच जागं होत असेल तर यंत्राला काही दिसणारच नाही.

निरोगी मुलाला, व्हिडिओत स्पष्ट झटापट आणि टॉन्सिल मोठे, तर बरेच ईएनटी स्टडीशिवायच ऑपरेशन करतात आणि आपल्याकडची सोय बघता ते व्यवहार्य आहे. तीन वर्षांखालचं मूल, खूप लठ्ठ मूल, हृदयाचा किंवा स्नायूंचा आजार, चेहऱ्याची ठेवण वेगळी, किंवा त्रास आणि तपासणी जुळत नाही, तिथे मात्र स्टडीचा खर्च वाचवू नका.

बाळ तीन आठवड्यांचं आहे. झोपेत भरभर श्वास घेतं आणि मग पाच-सात सेकंद घेतच नाही, मग परत सुरू. मी रात्रभर जागी असते. न्यू जर्सीहून नणंदेने पायात घालायचा मोजा पाठवलाय, तो ऑक्सिजन कमी झाला की अलार्म वाजवतो. लावू का? (कोल्हापूर)

आधी तुम्ही झोपा. तुम्ही जे सांगताय त्याला पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतात, भरभर आठ-दहा श्वास, मग पाच-दहा सेकंद गप्प, मग परत, आणि बाळाचा रंग गुलाबीच राहतो. श्वासाचं नियंत्रण करणारा मेंदूचा भाग अजून पक्का होतोय म्हणून होतं, बहुतेक बाळांचं काही महिन्यांत जातं.

हॉस्पिटलला कधी धावायचं तर, 20 सेकंद किंवा जास्त श्वास थांबला, ओठ-जीभ निळे किंवा अंग पांढरंफटक पडलं, बाळ एकदम लुळं किंवा ताठ झालं, दूध ओढत नाही, जागं असताना कण्हतंय किंवा छाती खोल आत ओढली जातेय, ताप आहे. आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर माझं वरचं आश्वासन तुम्हाला लागू नाही, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मोज्याची गोष्ट जरा मागून सांगायला लागेल. 1972 साली आल्फ्रेड स्टाईनश्नायडर या अमेरिकन डॉक्टरांनी एक पेपर लिहिला, की झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांना आधी श्वास थांबण्याचे झटके येतात आणि हे घराण्यात असतं. पुरावा होता पाच बाळांचा, त्यातली दगावलेली दोन एकाच घरातली. त्यावर घरी लावायच्या अलार्म-मशीनचा मोठा धंदा उभा राहिला, हजारो बाळांना वायरी लागल्या. आणि 1995 मध्ये कोर्टात सिद्ध झालं की त्या घरातली बाळं आजाराने गेलीच नव्हती, आईनेच मारली होती, ती दोनच नाही, एकूण पाच. एका पेपरवर वीस वर्षं उभी राहिलेली इमारत! पुढे 2001 मध्ये चाइम नावाचा अभ्यास आला, 1079 बाळांवर घरी मॉनिटर लावून, तर पूर्ण दिवसांच्या, काहीही आजार नसलेल्या बाळांपैकी सुद्धा चाळीसेक टक्के बाळांत अलार्म वाजेल अशी घटना कधी ना कधी दिसली. म्हणजे अलार्म वाजणं आणि बाळाला धोका असणं या दोन गोष्टी एक नाहीत. मोजा लावलात तर रात्री खोटे अलार्म वाजतील, तुम्ही अजून जागाल, आणि त्याने मृत्यू टळतात असा पुरावा नाही. मी लावला नसता.

पुरावा आहे तो साध्या गोष्टीचा, बाळाला पाठीवर झोपवायचं. अमेरिकेने 1994 मध्ये ही मोहीम काढली आणि दहाएक वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. पालथं नको, कुशीवर नको, तोंडाजवळ मऊ उशी, जाड दुपटी, लोड नकोत. आपल्याकडे डोकं गोल यावं म्हणून मोहरीची उशी देतात आणि बाळ चांगलं झोपतं म्हणून पालथं घालतात, घरच्या मोठ्यांना नीट समजावून दोन्ही बंद करा. दिवसा जागं असताना, समोर बसून, पालथं घाला की हवं तेवढं.

मुलगा अकरा वर्षांचा, वजन 62 किलो. मागच्या वर्षी टॉन्सिल काढले, चार महिने छान झोपला, आता परत घोरतो. डॉक्टर आता मास्कचं मशीन म्हणतात. ऑपरेशन फुकट गेलं का? (नाशिक)

फुकट नाही गेलं, अपुरं पडलं. 2010 मध्ये अमेरिका-युरोपातल्या 578 मुलांचे ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट एकत्र करून बघितले, तर त्रास बहुतेकांचा खूप कमी झाला होता पण पूर्ण नॉर्मल, म्हणजे एएचआय 1 च्या खाली, फक्त 27 टक्के मुलंच पोचली. लठ्ठ मुलं, सात वर्षांच्या वरची मुलं आणि दमा असलेली मुलं यांचं जास्त उरतं. तुमच्या मुलात यातल्या दोन गोष्टी आहेत. हे ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं होतं, आणि तीन-चार महिन्यांनी परत स्टडी पण, पण घोरणं थांबलं की सगळेच खुश होऊन विसरतात.

आता आधी परत स्टडी. मग मशीन लागलं तर घाबरू नका, ते मास्कमधून हवा फुंकून घशाचा रस्ता उघडा ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये हे काढलं तेव्हा हवा फुंकायला व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरली होती, आताची मशीन बरीच शांत असतात. मुलाच्या गळी उतरवायचं तर पहिले काही दिवस मशीन बंद ठेवून नुसता मास्क लावून टीव्ही बघू द्या, मग हवा सुरू करून, मग झोपेत. रोज, सुट्टीच्या दिवशी पण. वाढत्या चेहऱ्यावर घट्ट मास्क वर्षानुवर्षं राहिला तर गालाची हाडं दबल्याची उदाहरणं आहेत म्हणून दर काही महिन्यांनी मास्क तपासून घ्या. दातांच्या डॉक्टरांनाही एकदा टाळू दाखवा, अरुंद असेल तर रुंद करायचा उपाय असतो. वजनाबद्दल घरात त्याला एकट्याला बोल लावू नका, झोप तुटली की भूक वाढते आणि खेळायचा उत्साह जातो, त्यामुळे वजन फक्त कारण नसून परिणाम पण असतं. रात्रीचं जेवण सगळ्या घराचं बदला.

नऊ वर्षांची मुलगी अजून अंथरूण ओलं करते, आणि घोरते. दोन्हीचा संबंध? (लातूर)

असू शकतो, आणि हा प्रश्न विचारला जात नाही म्हणून बरं झालं विचारलंत. बंद घशाविरुद्ध जोर लावताना छातीतला दाब बदलतो, हृदयाला वाटतं रक्त जास्त झालंय आणि ते एक हार्मोन सोडतं ज्याने लघवी जास्त बनते. घोरणं बरं केल्यावर अशा निम्म्याच्या आसपास मुलांचं अंथरूण कोरडं होतं. निम्म्यांचं होत नाही, त्यामुळे आशा ठेवा पण मुलीला तसं वचन देऊ नका. आणि ओरडू तर अजिबात नका.

मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, साडेतीन वर्षांचा. घोरत नाही. तरी स्टडी करायची? (मडगाव)

हो, करा. या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त जणांना ॲप्निया असतो आणि आईवडिलांना तो कळत नाही, बाहेरून शांत झोपलेलं दिसतं. म्हणूनच अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की लक्षणं असोत नसोत, चार वर्षांच्या आत एकदा स्लीप स्टडी व्हायलाच हवी. तुमच्याकडे अजून सहा महिने आहेत, आताच नंबर लावून ठेवा.

इन्स्टावर मुलांच्या तोंडाला टेप लावून झोपवतात, नाकाने श्वास घ्यायची सवय लागते म्हणे. (हा प्रश्न निदान पंधरा जणांचा)

नाही. नाक बंद आहे म्हणून मूल तोंडाने श्वास घेतंय, आणि तुम्ही तोंड पण बंद करणार? त्यात उलटी झाली तर? टेप ड्रॉवरमध्ये ठेवा आणि मुलाचं नाक दाखवून या.